पहार

डोल्पोत भिंती वाटेच्या मधोमध असतात.
घर नाही, शेत नाही, अडवायचं काहीच नाही,
नुसते कोरलेले दगड, एकावर एक,
कुठे कंबरेइतके, कुठे खांद्याइतके,
आणि वाट त्यांच्यापाशी येऊन दुभंगते.

मी देवळातल्या सवयीनं डावीकडून जातो,
देव उजव्या हाताला ठेवून.
युंगद्रुंग उजवीकडून.
तो बोन धर्माचा. त्यांची प्रदक्षिणा उलटी.
"उलटी तुमची," तो म्हणतो, तेही न हसता.
खेचर ज्या बाजूला गवत त्या बाजूनं जातं.

असे आम्ही दिवसातून सात-आठदा वेगळे होतो
आणि पुन्हा भेटतो.
दर वेळी तो माझ्याकडे असं बघतो,
जणू मी पोचेन याची त्याला खात्री नव्हती.

चार दिवस. खेचराच्या पाठीवर, घोंगडीखाली
काहीतरी लोखंडी किटलीला लागून वाजतं,
चढावर ठण, उतारावर ठणठण.
विचारलं तर म्हणाला, सामान.

खालच्या गावात एका म्हातारीनं
खाचा पाडलेल्या ओंडक्यावरून मला वर चढवलं,
शेणाच्या धुरात बसवलं, खारट चहा ओतला,
अर्धा प्यालो की पुन्हा काठोकाठ.
युंगद्रुंगला तिनं काहीच विचारलं नाही.
फक्त त्याच्या त्साम्पात लोण्याचा गोळा
माझ्यापेक्षा मोठा टाकला.
तेव्हा मला ते थोडं लागलं.

पाचव्या दिवशी, खिंडीच्या खाली, ती लांब भिंत.
एरवी दहा मिनिटांची,
इथल्या हवेत श्वास मोजत अर्ध्या तासाची.
पुरुषभर उंच. पलीकडचं दिसत नाही.
दगडांवर मला न वाचता येणारी अक्षरं,
अक्षरांत केशरी दगडफूल.
खेचराची घंटा, कधी इकडे, कधी तिकडे.
आणि मधेच युंगद्रुंगचा आवाज, नेपाळीत,
सावकाश, मला समजावा म्हणून:

"माघात बायको गेली. नोरझोम.
कड्यावर नेली. तीन दिवस गिधाडांची वाट बघितली.
आली नाहीत. थंडीत तीही खाली जातात,
माणसांसारखीच."

घंटा.

"मग नदीला द्यायचं ठरलं. नदी गोठलेली.
वरच्या गावात ल्हुंडुपकडे पहार होती, ती आणली.
एक अख्खी सकाळ गेली.
तिला थंड पाणी सोसायचं नाही.
हात धुवायलासुद्धा गरम करून घ्यायची."

मी काही बोललो नाही.
माझ्या नेपाळीत त्यासाठी शब्द नव्हता,
मराठीतही शोधला.

भिंत संपली. तो आधीच पोचला होता,
खेचराचा पट्टा आवळत, आवळलेलाच.
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
मीही पाणी प्यायलो, तहान नसताना.

खिंडीपलीकडे वरचं गाव.
सपाट छपरांवर सरपणाची कुंपणं, खाली हिरवा सातू,
दोरीच्या टोकाशी कुत्रा, भुंकून दमलेला.
ल्हुंडुप छपरावर बसून लोकर कातत होता.
युंगद्रुंगनं घोंगडी सोडली
आणि किटलीखालून ती ओढून काढली,
छातीइतकी उंच, काळी.
ल्हुंडुप खाली आला. टोकावरून अंगठा फिरवला.
काहीतरी म्हणाला.

नंतर मी विचारलं, काय म्हणाला?
"बोथट झाली, म्हणाला."
मग?
"मग काय. हो म्हणालो."

रात्री श्वास लागून जाग आली.
अंगणात चांदणं, आणि कानशीचा आवाज.
ल्हुंडुप टोक घासत होता,
घाई नव्हती, उद्या सातू कापायचा नव्हता.
समोर युंगद्रुंग,
दुसरं टोक हलू नये म्हणून
दोन्ही हातांनी धरून.